स्टेट युनिव्हर्सिटीचं ऑनर्स कॉलेज आणि स्कॉलरशिपची शोधाशोध

रारिटनकाठ

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी याच दिवसांत मी इथले जुने धागे रात्र रात्र वाचत बसायचे. लेक बारावीत होती आणि घरात दुसरा विषयच नव्हता. आता ती रटगर्सच्या, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी युनिव्हर्सिटीच्या, ऑनर्स कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. आम्हाला इथून खूप मिळालं, म्हणून जे शिकलो ते सविस्तर लिहिते. आम्ही न्यू जर्सीत राहतो, ग्रीन कार्ड आहे, दोघंही नोकरी करतो. म्हणजे गरजेवर आधारित मदत मिळेल इतकं उत्पन्न कमी नाही आणि वर्षाला नव्वद हजार डॉलर भरता येतील इतकं जास्तही नाही. इथले बरेच जण याच मापात बसतात.

सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगते, बाकीचं वाचलं नाही तरी चालेल. कॉलेजांची यादी करण्याआधी मुलांना आकडा सांगा. आपल्याकडे मुलांसमोर पैशाचं बोलायची पद्धत नाही. 'तू फक्त अभ्यास कर, बाकीचं आम्ही बघतो' हेच ऐकून आपण मोठे झालो. आम्ही मात्र अकरावी संपल्यावर, ऑगस्टमधल्या एका रविवारी, लेकीला समोर बसवून ५२९ खात्यातली (शिक्षणासाठीच्या बचतीची) शिल्लक दाखवली आणि कर्ज न काढता चार वर्षांत किती देऊ शकतो ते कागदावर लिहून दिलं. ती पाच मिनिटं गप्प होती. मग तिने विचारलं, 'आणि दादूचं?' धाकट्याची वाटणी तिला स्वतःहून आठवली. त्या दिवसापासून ती या कामात आमच्या बरोबरीने उतरली.

मग प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवरचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर भरलं. २०११ पासून ते ठेवणं कॉलेजांना बंधनकारक आहे. छापील किंमत आणि आपल्याला पडणारी किंमत यांत किती अंतर आहे ते तिथे अर्ज करण्याआधीच कळतं. आमच्या बाबतीत बऱ्याच खाजगी कॉलेजांत ते अंतर जवळजवळ शून्य निघालं. रटगर्सला इन-स्टेट (राज्यातल्या रहिवाशांच्या दराने) ट्यूशन आणि फी मिळून तेव्हा साधारण १८ हजार होती, राहणं-जेवण धरलं की ३५ हजारांच्या आसपास. नावाजलेल्या खाजगी कॉलेजात याच्या अडीचपट.

ऑनर्स कॉलेज म्हणजे मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीच्या आत बांधलेलं छोटं कॉलेज. वर्ग लहान, कोर्स निवडायला इतरांच्या आधी संधी, वेगळे सल्लागार, पहिल्या वर्षी एकत्र राहणं, आणि बहुतेक ठिकाणी शेवटी प्रबंध किंवा प्रकल्प. रटगर्स न्यू ब्रन्सविकचं ऑनर्स कॉलेज २०१५ साली सुरू झालं. त्याला वेगळा अर्ज लागत नाही, मूळ अर्जावरूनच निवड होते. मेरिट (गुणवत्तेवरच्या) स्कॉलरशिपचंही तसंच. पण मूळ अर्ज १ नोव्हेंबरच्या अर्ली ॲक्शनला (लवकरच्या अर्जाच्या मुदतीला) पूर्ण हवा. इथे एक खाच आहे: मार्कांची नोंद मुलांनी स्वतः ऑनलाइन भरायची असते आणि कॉमन ॲप (अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) पाठवल्यावर ते विसरायला होतं. लेकीच्या दोन मैत्रिणींचे अर्ज त्यामुळे अर्धवट पडून होते.

स्कॉलरशिपबद्दल उद्या लिहिते. आज हात दुखले.

अकरावीची_आई

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. मुलगा अकरावीत आहे. आकडा सांगायचं वाचून पोटात गोळाच आला, कारण आमच्यात अजून नवरा-बायकोतही ते बोलणं झालेलं नाही. स्कॉलरशिपच्या भागाची वाट बघते. त्या मोठमोठ्या वेबसाइटवर नाव नोंदवून उपयोग होतो का? मुलाने केलं, आता रोज चाळीस ईमेल येतात.

डोंगरपायथा

चांगला धागा. पेन स्टेटची भर घालतो. मुलगा श्रायर ऑनर्स कॉलेजातून गेल्या वर्षी बाहेर पडला. हे कॉलेज १९९७ मध्ये श्रायर दांपत्याच्या ३ कोटी डॉलरच्या देणगीतून उभं राहिलं. इथे वेगळा अर्ज आणि वेगळे निबंध लागतात, आणि निवडताना एसएटी-एसीटी या प्रवेशपरीक्षांचे गुण बघत नाहीत. त्यामुळे निबंधांवर फार भार असतो. मुलाने तीन आठवडे तेवढंच केलं. प्रबंध सगळ्यांना सक्तीचा.

ज्यांची संधी बारावीत हुकली त्यांच्यासाठी: दार तिथेच बंद होत नाही. पेन स्टेटमध्ये आधीच शिकत असलेल्या मुलांनाही श्रायरला अर्ज करता येतो. इतर बऱ्याच ठिकाणीही पहिल्या वर्षाच्या मार्कांवर आत घेतात. माझ्या मुलाचा सगळ्यात जवळचा मित्र असाच नंतर आला, आणि त्याचा प्रबंध मुलापेक्षा सरस झाला.

रारिटनकाठ

अकरावीची_आई, त्या वेबसाइटवर आमचेही दोन महिने गेले आणि हाती काही लागलं नाही. जिथे देशभरातून लाखभर अर्ज येतात तिथे आपला नंबर लागणं हा नशिबाचा भाग.

पैसा मुख्यतः तीन ठिकाणांहून येतो. सगळ्यात मोठा युनिव्हर्सिटीकडून. तो चार वर्षं मिळतो, पण ठरावीक जीपीए राखावा लागतो. कुठे ३.०, कुठे ३.५. इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षी ३.५ राखणं किती अवघड आहे ते घरात नीट बोला. दुसरा सरकारकडून, फाफ्सा (सरकारी मदतीचा फॉर्म) भरून. तो फॉर्म एरवी १ ऑक्टोबरला उघडतो. उत्पन्न जास्त असलं तरी भरा, काही युनिव्हर्सिट्या स्वतःची मदत देतानाही तो मागतात. पूर्वी दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की कुटुंबाचा वाटा विभागला जायचा. २०२४-२५ पासून नवं सूत्र आलं आणि ती सवलत गेली. जुळ्यांच्या आईबाबांनी हे आधीच धरून चालावं.

तिसरी जागा गावातली, आणि माझा जीव या तिसरीवर आहे. टाउनशिपचं वाचनालय, रोटरी, शाळेची पालक संघटना, आपल्या कंपनीची कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठीची योजना. रक्कम पाचशे, हजार, दोन हजार. पण अर्ज येतात वीस-पंचवीस, कधी त्याहून कमी. हायस्कूलच्या समुपदेशकाकडे यादी असते आणि ती बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीत निघते. तोवर मुलं अर्जांनी थकलेली असतात, म्हणून कोणी भरत नाही.

लेकीला आमच्या गावच्या वाचनालयाच्या मित्रमंडळाचे हजार डॉलर मिळाले. त्याची गोष्ट सांगते, कारण ऑनर्ससाठीही तोच निबंध कामी आला. रविवारच्या मराठी शाळेत एक कपाट आहे, त्यात पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे दिवाळी अंक आहेत, कोणी कोणी भारतातून येताना आणलेले. बहुतेकांच्या कण्याला सेलोटेप. ती टेप पिवळी पडते, तिचा गोंद कागदात मुरतो आणि अक्षरांवर चहाच्या डागासारखी पट्टी उमटते. लेक दहावीपासून वाचनालयात पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या एका आजींच्या हाताखाली जायची. त्यांनी तिला जपानी टिश्यू आणि गव्हाच्या पिठाची पेस्ट वापरायला शिकवलं. तिने ती पेस्ट व्हिडिओ कॉलवर साताऱ्याच्या आजीला दाखवली, तर आजी म्हणाली, 'अगं ही तर खळ! आम्ही पतंगाला लावायचो.' तिचा आधीचा निबंध रोबोटिक्सवर होता, व्यवस्थित आणि कोणाचाही वाटावा असा. तो टाकून तिने खळीवर लिहिलं. कुठली पट्टी किती सावकाश सोडवायची, कुठे कागद फाटला, कोणता अंक वाचला नाही. त्यात ती स्वतःबद्दल फारसं काही बोललीच नाही, तरी वाचणाऱ्याला ती दिसली असावी.

वाटपाहणारी

सुंदर लिहिलंय. पण एच-४ वाल्यांचं (एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांच्या मुलांचं) काय? आमचं ग्रीन कार्ड रांगेत आहे, मुलगा तीन वर्षांचा असताना आलो, आता तो सतरा वर्षांचा. सोबतच्या सगळ्या मुलांचं ऐकतो आणि गप्प बसतो. इथे अजून कोणी आहे का?

डोंगरपायथा

अनुभव नाही, पण या प्रश्नाला नीट उत्तर मिळायला हवं. धागा वर ठेवतो.

ह्यूस्टनकर

वाटपाहणारी, आम्ही यातून गेलो आहोत, लेकीच्या वेळी. काही गोष्टी कडू आहेत, त्या आधी सांगतो. फाफ्सावरची मदत, पेल ग्रँट (गरजूंना न फेडायची सरकारी मदत), सरकारी कर्ज, यांतलं एच-४ वरच्या मुलांना काही मिळत नाही. २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो, तोवर ग्रीन कार्ड हाती नसेल तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. याची तयारी तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच करा, वकिलाला विचारून.

आता जे मिळतं ते. युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या पैशातल्या मेरिट स्कॉलरशिपना पुष्कळ ठिकाणी नागरिकत्वाची अट नसते. प्रत्येक स्कॉलरशिपची पात्रतेची ओळ शब्द न् शब्द वाचा. ऑनर्स कॉलेजात प्रवेशालाही व्हिसा आड येत नाही. नॅशनल मेरिट ही पीएसएटी या एसएटीच्या सराव परीक्षेच्या गुणांवरची देशव्यापी स्कॉलरशिप. तिच्यात नागरिक आणि ग्रीन कार्डवाले धरतातच, पण ज्यांनी ग्रीन कार्डचा अर्ज केला आहे, तो फेटाळला गेलेला नाही आणि लवकरात लवकर नागरिक व्हायचा ज्यांचा इरादा आहे, त्यांनाही धरतात. तुमची अर्जाची पायरी झाली असेल तर हे सोडू नका.

टेक्सासचा एक नियम बाहेरच्यांना माहीत नसतो: सरकारी युनिव्हर्सिटीकडून किमान १००० डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप मिळाली, तर बाहेरच्या राज्यातल्या किंवा परदेशी विद्यार्थ्याला इन-स्टेट दराने ट्यूशन लावता येतं. अशी किती मुलं घ्यायची यावर मर्यादा आहे आणि प्रत्येक युनिव्हर्सिटी आपापलं ठरवते. पण मिळालं तर हजाराच्या मागे वर्षाला कित्येक हजार वाचतात.

वाटपाहणारी

डोळे भरून आले. आमची अर्जाची पायरी मागच्याच वर्षी झाली. पीएसएटी या महिन्यात आहे आणि तो 'आपल्याला काय उपयोग' म्हणून तयारीच करत नव्हता. आज त्याला हे वाचून दाखवलं. बसलाय अभ्यासाला.

ह्यूस्टनकर

फार छान वाटलं वाचून. मग नॅशनल मेरिटचं थोडं अजून. अकरावीतली पीएसएटीच धरतात. वाचन-लेखनाच्या गुणांची दुप्पट अधिक गणिताचे गुण, भागिले दहा, हा तुमचा निर्देशांक. जास्तीत जास्त २२८. म्हणजे गणितापेक्षा इंग्रजीला दुप्पट वजन आहे. आपली मुलं गणिताचेच सराव करत बसतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. कटऑफ राज्यागणिक वेगळा आणि न्यू जर्सीचा देशात सगळ्यात वरच्यांत असतो. देशभरातून सुमारे १६ हजारच सेमीफायनलिस्ट होतात.

खुद्द नॅशनल मेरिटची रक्कम २५०० डॉलर, एकदाच. खरा पैसा युनिव्हर्सिट्या त्यावर देतात. अलाबामा युनिव्हर्सिटी फायनलिस्टना (सेमीफायनलिस्टमधून पुढे गेलेल्यांना) ट्यूशन तर देतेच, वर राहण्याचा खर्च आणि वार्षिक रक्कमही. टेक्सासची यूटी डॅलस युनिव्हर्सिटीही अशा मुलांना आवर्जून बोलावते. तिथे कॉलेजियम फाइव्ह नावाचा ऑनर्स कार्यक्रम आहे.

ऑस्टिनच्या टेक्सास युनिव्हर्सिटीचं गणित उलटं. वर्गातल्या वरच्या टक्क्यांत आलात की टेक्सासमधून आपोआप प्रवेश मिळतो. २०२६ पासून तो वरच्या ५ टक्क्यांना, आधी ६ होता. पण आपोआप मिळतो तो युनिव्हर्सिटीत, कॉम्प्युटर सायन्स किंवा बिझनेसमध्ये नाही. ऑनर्सचे कार्यक्रमही विषयागणिक वेगळे. प्लॅन टू हा १९३५ पासूनचा, कॉम्प्युटर सायन्सला ट्युरिंग स्कॉलर्स, विज्ञानाला डीन्स स्कॉलर्स. प्रत्येकाला वेगळं लिहावं लागतं, आणि मेरिटचे पैसे मात्र फार थोड्यांना.

खडकवासला

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नये. आमच्या मुलाने ऑनर्स दुसऱ्या वर्षानंतर सोडलं. युनिव्हर्सिटीचं नाव घेत नाही. पहिल्या वर्षी नवं डॉर्म, छान सेमिनार, सगळं होतं. दुसऱ्या वर्षापासून त्याच्या मेजरमध्ये (मुख्य विषयात) ऑनर्सचे वर्गच नव्हते. साध्या वर्गात बसून प्राध्यापकाकडून वेगळा करार करून घ्यायचा आणि जास्तीचा पेपर लिहायचा, याला ते ऑनर्स क्रेडिट म्हणत. वर दर सत्राला ऑनर्सची वेगळी फी. सहा प्राध्यापकांना विचारलं, दोघांनी होकार दिला. मुलगा निराश झाला. आम्ही माहितीपत्रकावरचे फोटो बघून निर्णय घेतला होता.

रारिटनकाठ

राग कसला, हे सगळ्यांनी वाचावं असं आहे. आम्हीही भेटीला गेलो तेव्हा टूर देणाऱ्या मुलांना बाजूला घेऊन हेच विचारलं. माझ्या मेजरमध्ये तिसऱ्या वर्षाला ऑनर्सचे किती वर्ग? प्रबंधाचा मार्गदर्शक कोण शोधतं, मी की तुम्ही? सुरुवात केलेल्यांपैकी किती जण शेवटपर्यंत टिकतात? फी वेगळी आहे का? एका ठिकाणी तिसऱ्या प्रश्नाला ऑफिसातल्या बाई थांबल्या आणि 'ईमेल करते' म्हणाल्या. ईमेल आलं नाही. आम्ही ते नाव यादीतून काढलं.

पुणेरी_पालक

इथले काही संदर्भ कळत नाहीत, क्षमस्व. मुलगी पुण्यात बारावीला आहे, इथूनच अर्ज करायचा विचार आहे. तिकडचं ऑनर्स म्हणजे आपल्याकडच्या बीएस्सी ऑनर्ससारखंच का? आणि भारतातून जाणाऱ्यांना स्कॉलरशिप मिळते का?

वाळवंटातली_पोर

मी उत्तर देते. मी नाशिकची, आता ॲरिझोना स्टेटच्या बॅरेट ऑनर्स कॉलेजात तिसऱ्या वर्षाला. शब्द सारखा असला तरी गोष्ट वेगळी. आपल्याकडे ऑनर्स हा पदवीचा प्रकार. नव्या धोरणात चौथं वर्ष केलं की ऑनर्स, आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर संशोधनासह ऑनर्स. इथे पदवी तीच, कोणताही विषय घ्या. ऑनर्स कॉलेज हा तिच्या भोवतीचा एक गट आहे, त्यात आधी निवड व्हावी लागते.

बॅरेट १९८८ मध्ये सुरू झालं. पहिल्या वर्षी 'द ह्यूमन इव्हेंट' नावाचा सेमिनार असतो, दोन्ही सत्रं. वीसेक मुलं एका टेबलाभोवती, आठवड्याला एक जुना ग्रंथ आणि त्यावर बोलायचंच. मी पहिले तीन आठवडे तोंड उघडलं नाही. नाशिकला वर्गात सर विचारतील तेव्हाच बोलायची सवय. मग प्राध्यापकांनी ऑफिसात बोलावून सांगितलं, 'फक्त एक प्रश्न घेऊन ये, उत्तर नको.' तिथून जमायला लागलं. पुढे त्यांनीच मला प्रयोगशाळेतल्या बाईंची ओळख करून दिली. माझा प्रबंध त्यांच्याकडे आहे. ५० हजारांच्या वर मुलं असलेल्या कॅम्पसवर मला नावाने ओळखणारी माणसं बॅरेटमुळे मिळाली, हे मी अगदी मनापासून सांगते.

पैशाचं स्पष्ट बोलते. सरकारी युनिव्हर्सिटीत परदेशी मुलांना गरजेवर आधारित मदत जवळजवळ नसते. मेरिट मिळते, पण ती बाहेरच्या राज्याच्या दरातला एक हिस्सा उतरवते. बाकीचे पैसे आहेत हे दाखवल्याशिवाय आय-२० (व्हिसासाठी लागणारं कॉलेजचं पत्र) मिळत नाही. काका, ऑफर आल्यावर उरलेली रक्कम चारने गुणा, डॉलरचा दर वाढता धरा, आणि मग घर गहाण ठेवायचं का ते ठरवा. माझ्या वर्गातली एक मुलगी दुसऱ्या वर्षानंतर पैशापायी परत गेली. ती माझ्यापेक्षा हुशार होती.

पुणेरी_पालक

इतकं खरं कोणी सांगितलं नव्हतं. इथल्या एका सल्लागाराने दीड लाख घेतले आणि 'फुल स्कॉलरशिप पक्की' म्हणाला होता. मुलीला तुमचं उत्तर पाठवलं. आम्ही आज रात्री बसून तो गुणाकार करतो.

अकरावीची_आई

स्कॉलरशिपसाठी कोणी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, एवढं मला इथेच कळलं होतं. मला वेगळी भीती आहे. बाहेरून स्कॉलरशिप मिळवली की कॉलेज आपली मदत तेवढी कमी करतं म्हणतात. खरं आहे का?

डोंगरपायथा

होतं असं. भाचीच्या बाबतीत झालं. तिने चार ठिकाणांहून साडेतीन हजार जमवले आणि एका खाजगी कॉलेजने तेवढीच ग्रँट कापली. पोरगी रडली. मेरीलँडने २०१७ मध्ये याला आळा घालणारा कायदा सरकारी कॉलेजांसाठी आणला, त्यानंतर न्यू जर्सीसह आणखी काही राज्यांनी. तरी ऑफर आली की लेखी विचारा: बाहेरची रक्कम आधी कशातून वजा होईल, ग्रँटमधून की कर्ज आणि कॅम्पसवरच्या नोकरीतून?

आणि टॅक्स विसरू नका. ट्यूशन, सक्तीची फी, पुस्तकं यांवर खर्च झालेली स्कॉलरशिप करमुक्त. राहण्या-जेवणावर गेलेल्या भागावर मुलांना कर लागू शकतो. कॉलेजकडून येणारा १०९८-टी हा टॅक्सचा फॉर्म जपून ठेवा.

रारिटनकाठ

धागा वर काढतेय. अकरावीची_आई, तुमचं घरात बोलणं झालं का?

अकरावीची_आई

झालं ताई. शुक्रवारी आम्ही दोघं बोललो, रविवारी मुलाला सांगितलं. त्याने यादीतली चार नावं स्वतःच खोडली आणि दोन नवी घातली, दोन्ही सरकारी. मग म्हणाला, 'हे आधी का नाही सांगितलंत?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता निबंधावर अडलाय. म्हणतो, माझ्याकडे खळीसारखं काही नाही.

रारिटनकाठ

त्याला सांगा, तो दर आठवड्याला न सांगता काय करतो ते आठव. लेक थँक्सगिव्हिंगला घरी येतेय. त्या रविवारी मराठी शाळा भरणार नाही, पण हॉल आपल्याकडे आहे. दहा ते एक ती अकरावी-बारावीच्या मुलांबरोबर बसेल. मुलाला पाठवा. वाटपाहणारी, तुमच्यालाही, गाडीची सोय मी बघते. निबंध फोनवर नको, कागदावर छापून आणा, दोन ओळींत जागा सोडून. आणि ज्यांना त्या कपाटातला एखादा अंक सांधायला हात लावायचा असेल त्यांच्यासाठी ती खळ करून आणणार आहे.